कोणती तपासणी, कोणासाठी, आणि पुढे काय?

मॅमोग्राफी चांगली की सोनोग्राफी? ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत हा प्रश्न आता सोसायटीच्या महिला मंडळापासून लोकलच्या लेडीज डब्यापर्यंत सगळीकडे विचारला जातो. ऑक्टोबर उजाडला की गुलाबी फिती लागतात, मोफत शिबिरांचे फलक झळकतात, सवलतीच्या पॅकेजेसचे मेसेज मोबाइलवर येऊन पडतात. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. बाईचे वय काय, तिच्या हाताला गाठ लागली आहे की काहीच त्रास नाही, तिच्या स्तनाची घडण कशी आहे, आणि रिपोर्ट हातात पडल्यावर तुकडा तपासायची सोय तिला किती दिवसांत मिळणार, या चार गोष्टी कळल्याशिवाय कोणते यंत्र सरस हे सांगताच येत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासण्यांची तुलना करणाऱ्या या पुस्तकाची ओळख करून देताना एकच मुद्दा मांडायचा आहे. आपल्या भागात बायकांचे जीव वाचायचे असतील, तर यंत्रांची क्रमवारी लावण्याआधी तपासणीपासून उपचारापर्यंतची वाट नीट बांधली पाहिजे. ती वाट असेल तर साधी तपासणीही जीव वाचवते, आणि नसेल तर महागडी प्रतिमासुद्धा कपाटातल्या फाइलमध्ये पडून राहते.

आधी दुखण्याचा आवाका पाहू. जागतिक कर्करोग अंदाजांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्याच वर्षी अमेरिकेत नव्या रुग्णांची संख्या आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास होती; मृत्यू मात्र त्रेचाळीस हजारांच्या घरात होते. रोग तोच असताना निकालात एवढी तफावत पडते, तिचे एक मोठे कारण आपल्या बायका डॉक्टरांसमोर येतात तेव्हा रोगाने गाठलेला टप्पा हे आहे. दुसरे कारण अर्धवट किंवा उशिरा मिळणारे उपचार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम ०.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी करून घेतल्याचे आढळले. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव जणींच्या बाबतीत मॅमोग्राफी की सोनोग्राफी हा वाद उद्भवतच नाही. त्यांना अद्याप कोणीच तपासलेले नाही. तुलनेची सुरुवात इथून व्हायला हवी.

आता यंत्रांकडे वळू, कारण प्रत्येकाची ताकद आणि मर्यादा ठाऊक नसेल तर वाटेची चर्चा पोकळ ठरेल. मॅमोग्राफी म्हणजे कमी मात्रेचा क्ष-किरण. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो आणि प्रत्येक बाजूच्या दोन प्रतिमा घेतल्या जातात, एक वरून आणि एक तिरकी. तिरक्या प्रतिमेत काखेकडचा भागही येतो. दाब नकोसा वाटतो, पण त्यामुळे ऊती पसरतात, एकमेकींच्या आड लपलेल्या गोष्टी सुट्या दिसतात आणि किरणांची मात्राही कमी लागते. ही मात्रा इतकी थोडी असते की साधारण सात आठवड्यांत निसर्गातून आपल्या अंगावर तेवढे किरण येतातच. मॅमोग्राफीची खरी करामत कॅल्शियमचे बारीक कण टिपण्यात आहे. दुधाच्या नलिकांच्या आतच असलेला, गाठही न झालेला रोग काही वेळा फक्त या कणांच्या पुंजक्यावरून उघड होतो. तो हाताला लागत नाही आणि सोनोग्राफीत बहुधा निसटतो. उणीव आहे ती दाट स्तनांत. चरबी क्ष-किरणात काळपट दिसते, ग्रंथींची ऊती पांढरी दिसते, आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. तरुण वयात ग्रंथी जास्त आणि चरबी कमी, त्यामुळे पांढऱ्यावर पांढरे शोधायची वेळ येते. २००५ साली अमेरिकेत सुमारे ४९ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात फिल्मपेक्षा डिजिटल मॅमोग्राफी ५० वर्षांखालच्या आणि दाट स्तनांच्या स्त्रियांत सरस ठरली, पण अडचण पूर्ण मिटली नाही. म्हणूनच हाताला गाठ लागते आहे आणि मॅमोग्राफी नॉर्मल आली आहे, अशा वेळी रिपोर्टवर विसंबून घरी बसणे धोक्याचे असते.

सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, तीत किरण नाहीत आणि दाटपणाचा अडथळाही कमी. गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव, हे ती चटकन सांगते. भरीव गाठीची कड गुळगुळीत आहे की वेडीवाकडी, ती आडवी पसरली आहे की रुंदीपेक्षा उंच वाढली आहे, हे पडद्यावर दिसते. उभी वाढणारी, कडा खडबडीत असलेली गाठ संशयास्पद मानतात. काखेतल्या गाठी पाहता येतात, आणि त्याच पडद्यावर नजर ठेवून तुकडा काढण्याची, म्हणजे बायोप्सीची, सुईही नेमकी घालता येते. तिशीच्या आतल्या बाईला गाठ लागली तर पहिली तपासणी सोनोग्राफीचीच करतात, चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी आणि तिच्या जोडीला सोनोग्राफी. या जोडीची परीक्षा जपानमध्ये झाली. ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३ हजार स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या मॅमोग्राफीने शंभरातले ७७ कर्करोग पकडले, जोडीने ९१. पण त्याच चाचणीत निरोगी स्त्रियांना विनाकारण पुढच्या तपासण्यांना बोलावण्याचे प्रमाणही वाढले. सोनोग्राफीचे हेच वैगुण्य आहे: ती बरेच काही दाखवते, त्यातले पुष्कळ निरुपद्रवी असते, आणि काय निरुपद्रवी हे ठरवणे प्रोब धरणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर अवलंबून असते.

महाराष्ट्रात या यंत्राला आणखी एक बाजू आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते, आणि २०१२ च्या नियमांनुसार पोर्टेबल यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर नेता येत नाही. अपवाद फक्त इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्याचा. मुलींच्या जिवासाठी केलेला हा कायदा आवश्यकच आहे. मात्र दिव्याच्या चाळीत किंवा शहापूरच्या पाड्यावर सोनोग्राफी यंत्र घेऊन शिबिर भरवू, ही कल्पना मांडणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यायला हवा. इथे यंत्र बाईकडे जाणे अवघड आहे. बाईलाच यंत्राकडे यावे लागते.

एमआरआय सर्वांत तीक्ष्ण नजरेचे. शिरेतून औषध देऊन ते नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे दाखवते आणि दाटपणा त्याला फारसा आड येत नाही. नेदरलँड्समध्ये अतिदाट स्तनांच्या, ५० ते ७५ वयाच्या ४० हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, मॅमोग्राफी नॉर्मल आल्यावर ज्यांना एमआरआयसाठी बोलावले त्या गटात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघड होणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले. पण हे यंत्र महाग, वेळखाऊ आणि खोट्या धोक्याच्या घंटाही पुष्कळ वाजवणारे. बीआरसीए जनुकात हा रोग ओढवणारा दोष असलेल्या घराण्यांतल्या स्त्रियांसाठी ते योग्यच आहे, सरसकट सर्वांसाठी नाही. स्पर्शाशिवाय, किरणांशिवाय आणि लाजेशिवाय होणारी थर्मोग्राफी आपल्याकडच्या शिबिरांना मोहात पाडते. तिच्यातल्या उष्णतेच्या रंगीत नकाशावर मॅमोग्राफीऐवजी विसंबू नये, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची गोष्ट वेगळी. स्वीडनमध्ये सुमारे ८० हजार स्त्रियांच्या चाचणीत संगणकाच्या मदतीने रेडिओलॉजिस्टचे फिल्म वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले आणि रोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. तज्ज्ञांची चणचण असलेल्या आपल्या भागात याचा उपयोग होईल, पण संगणक आधी काढलेली फिल्म वाचतो. फिल्म काढायला बाईला आणत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. आपल्याकडे हा रोग तरुण वयात होतो, मग पन्नाशीच्या गोऱ्या बायकांसाठी ठरवलेली मॅमोग्राफी आपल्याला काय कामाची? आक्षेप अर्धा बरोबर आहे. आपल्या रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी भरते. पण त्यामागचे मोठे कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे हे आहे. चाळिशीतल्या बायका संख्येने जास्त, म्हणून रुग्णांतही त्या जास्त. एकेका बाईचा धोका मात्र इथेही वयाबरोबर वाढतच जातो. यातून दोन वेगवेगळे निष्कर्ष निघतात आणि त्यांची गल्लत होते. ओपीडीत गाठ घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये चाळिशीच्या पुष्कळ असणार, म्हणून निदानाच्या टप्प्यावर सोनोग्राफी अटळ. आणि त्रास नसताना नियमित तपासणीचा सर्वाधिक फायदा कोणाला, तर पन्नाशी ओलांडलेल्यांना. नातवंडांत रमलेली बाई ‘आता या वयात कशाला’ म्हणून शिबिराला सुनेला पाठवते, तेव्हा धोका तिला स्वतःला जास्त असतो.

याला पुरावा मुंबईचाच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रिया, वीस वस्त्या, दोन गट. एका गटातल्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या गटाला एकदा माहिती दिली. यंत्र नव्हते, पण तपासणीत संशय आला तर पुढच्या निदानाची आणि उपचाराची सोय टाटामध्ये होती. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण माहिती दिलेल्या गटात ४७ टक्के, तर तपासलेल्या गटात ३७ टक्के होते. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी झाले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला काठावर कमी पडला. ५० आणि त्यापुढच्या वयात मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीखालच्या वयात तसा ठोस फायदा दिसला नाही. संशोधकांनी वयाची ही फोड नंतर केली, तेव्हा तिला शेवटचा शब्द मानता येणार नाही, हे मान्य करायलाच हवे. पण मुंब्रा, कळवा, कल्याण पूर्व यांसारख्या वस्त्यांशी ज्यांचे जगणे जुळते अशा बायकांवर, दोन दशके चाललेला एवढा मोठा पुरावा दुसरा नाही. मॅमोग्राफीच्या बाजूने जे मोठे पुरावे दिले जातात ते न्यूयॉर्कच्या १९६३ च्या आणि स्वीडनच्या १९७७ च्या चाचण्यांपासूनचे, वेगळ्या समाजांतले आहेत.

यावर कोणी विचारील, म्हणजे श्रीमंतांना यंत्र आणि गरिबांना नुसता हात, हाच न्याय का? प्रश्न टोचणारा आहे आणि टाळण्यासारखा नाही. पण तो एका गृहीतावर उभा आहे, की यंत्र दिले की न्याय झाला. स्वीडनमध्ये मॅमोग्राफी आली तेव्हा गाठ लागलेली बाई तिथे आधीच वेळेत रुग्णालयात पोहोचत होती, तिची शस्त्रक्रिया होत होती. मॅमोग्राफी हा त्या इमारतीचा दुसरा मजला होता. आपण पहिला मजला न बांधता दुसरा उचलू पाहतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी व्हायला हवी. मुंबईच्या चाचणीतले अंतर दोन वर्षांचे होते, आणि पाच वर्षांतून एकदाचे हे ध्येयही कागदावरून वस्तीत पूर्ण उतरलेले नाही. गरीब बाईवर अन्याय होतो तो तिला हाताने तपासले म्हणून होत नाही. तपासून गाठ सापडल्यावर तिला चिठ्ठी देऊन मोकळे सोडले जाते, तिथे होतो. शिबिरात मॅमोग्राफी करून रिपोर्ट पोस्टाने पाठवला आणि पुढे कोणी विचारलेच नाही, तर तोही तितकाच अन्याय आहे.

मग पैसे आणि जवळपास सेंटर असलेल्या, पन्नाशीतल्या नौपाड्याच्या किंवा डोंबिवलीच्या बाईने मॅमोग्राफी करावी की नाही? करावी, दोन वर्षांनी एकदा करावी, पण देणे-घेणे समजून करावी. ब्रिटनमध्ये २०१२ साली स्वतंत्र तज्ज्ञ समितीने सगळे पुरावे तपासून हिशोब मांडला: दहा हजार स्त्रियांना पन्नाशीपासून वीस वर्षे बोलावत राहिले तर ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ स्त्रियांना असा कर्करोग सापडतो की जो सापडला नसता तरी त्यांच्या जिवावर उठला नसता. या १२९ जणींवर शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात, घरादाराची झोप उडते. कॅनडाच्या मोठ्या अभ्यासाने तर पंचवीस वर्षांनीही मॅमोग्राफीचा मृत्यूदरावर फायदा दिसत नाही असे म्हटले, आणि त्याच्या पद्धतीवर टीकाही भरपूर झाली. हा वाद पुस्तकात सविस्तर आहे. त्यातून मॅमोग्राफी निरुपयोगी ठरत नाही. ती दैवी नाही, एवढेच कळते. आणि हा सगळा हिशोब त्रास नसलेल्या बाईचा आहे. जिला गाठ लागते आहे, स्तनाग्रातून रक्त येते आहे किंवा कातडी ओढली गेली आहे, तिच्यासाठी हा हिशोबच लागू नाही. तिने तपासणी लांबवायचीच नाही.

तर वाट कशी असावी? जागतिक आरोग्य संघटनेने तिचे मोजमाप दिले आहे: किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, डॉक्टरांना प्रथम दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार पुरे करावेत. आपल्या भागात हे साठ दिवस कुठे खर्च होतात ते पाहणे उद्बोधक आहे. गाठ दुखत नाही म्हणून काही आठवडे तर डॉक्टरांकडे जाण्याआधीच जातात. फॅमिली डॉक्टर गोळ्या देऊन पाहतात. कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर निघतो, सोनोग्राफी एकीकडे, मॅमोग्राफी दुसरीकडे, सुईची तपासणी तिसरीकडे. मग कोणीतरी परळला टाटामध्ये जायला सांगते, आणि रोजंदारी बुडवून कसाऱ्याकडून वा बदलापूरहून लोकलने येणाऱ्या बाईच्या फेऱ्या सुरू होतात. रिपोर्टवरचे आकडेही चुकीचे वाचले जातात. संशयाची पातळी आकड्यांत सांगणाऱ्या बाय-रॅड्स पद्धतीत शून्य म्हणजे काही नाही असे नव्हे. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी प्रतिमा काढा. तीन म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. चार आणि पाच म्हणजे तुकडा तपासा. कुठल्याही प्रतिमेवरून कर्करोग पक्का होत नाही. बायोप्सीचा तुकडा प्रयोगशाळेत पाहूनच तो ठरतो, आणि उपचार ठरवणारे हार्मोन व हर-टू प्रथिनाचे अहवालही त्याच तुकड्यातून मिळतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे उपचाराच्या खर्चाचा मोठा भार हलका झाला आहे. पण योजनेच्या दाराशी पोहोचण्याआधीच्या या तपासण्यांत बाई थकते.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकांकडे, तशीच शिबिरे भरवणाऱ्या मंडळांकडे मागणी एकच असावी. नवे यंत्र विकत घेण्याआधी आठवड्यातला एक वार ‘गाठीची ओपीडी’ म्हणून ठरवा, जिथे हाताची तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि जाड सुईची ट्रुकट बायोप्सी एकाच फेरीत होईल. आशाताईंना तपासणीचे पक्के शिक्षण द्या, आणि प्रत्येक संशयित बाईचा निकाल लागेपर्यंत तिच्या पाठीशी एक नाव, एक फोन ठेवा. शिबिराचे यश किती जणी आल्या यावर मोजू नका. किती जणींचे निदान साठ दिवसांत लागले यावर मोजा. पुढची प्रकरणे एकेका तपासणीचे गुणदोष सांगतील, वाचकाने ती जरूर पारखून घ्यावीत. पण तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला गाठ लागली असेल, तर हे पुस्तक संपवायची वाट पाहू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि गाठीचे निश्चित निदान हाती आल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नका.